कोरड्या पलंगाची कैफियत

बसा, मित्रांनो; फक्त माझ्यावर बसू नका. मी एक जुना पलंग आहे. आजवर जितकी माणसं थकून माझ्यावर आडवी झाली, त्या सगळ्यांचा थकवा माझ्याकडेच राहून गेला आहे, असं मला अलीकडे वाटू लागलं आहे. ती सकाळी ताजीतवानी होऊन उठली, चहा प्यायली आणि प्रवचनं देऊन, ग्रंथ लिहून, शाळा काढून नामवंत झाली. मी होतो तिथंच राहिलो.

माझं गाव अबरवेनोल. वेनोल नदी समुद्राला मिळते तिथं एक पूल, पुलाच्या अलीकडे बाजार, पलीकडे सरकारी चर्चपासून फुटलेल्यांची, एकमेकांशी न बोलणारी तीन चॅपलं आणि वर टेकडीवर कर्नल व्हॉन यांची हवेली. गावात माणसं दोन हजार आणि नामवंत एकतीस. हे प्रमाण आसपासच्या कुठल्याही गावापेक्षा जास्त आहे, हे तुम्हाला इथला कोणीही माणूस न विचारता सांगेल. आडनावं मात्र पाच-सहाच. त्यामुळे आमच्याकडे माणूस धंद्यावरून ओळखला जातो, नाहीतर त्याच्या फजितीवरून. धंदा बदलता येतो.

त्या तिन्हींतलं हेर्मोन चॅपल बांधलं त्याच साली ग्रिफिथ सुतारानं मला ओकच्या लाकडातून घडवलं. माझे पाय कोरताना तो आपल्या भावाला म्हणाला होता, "जाड ठेव रे. यावर प्रवचनकार झोपणार आहेत. ही माणसं उपासाबद्दल बोलतात फार, करतात कमी." पाय जाड ठेवले गेले. माझ्यावर दोन गाद्या आल्या, खाली लोकरीची आणि वर हंसांच्या पिसांची. मग मला चॅपलला लागून असलेल्या चॅपलघरात, माडीवरच्या खोलीत मांडलं. बाहेरगावचा प्रवचनकार शनिवारी तट्टावर बसून यायचा, रविवारी तीन प्रवचनं द्यायचा, सोमवारी न्याहारी करून पुढच्या गावी जायचा. मधल्या दोन रात्री तो माझा असायचा.

तुम्हाला एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. त्या काळी आमच्या वेल्समध्ये प्रवचनकार दोन गोष्टींना भीत: नरकाला आणि दमट बिछान्याला. नरकाबद्दल ते उघडपणे बोलत. दमट बिछान्यानं किती थोर माणसं गेली, याच्या याद्या मात्र चॅपलघरातल्या बायकांना दबक्या आवाजात ऐकवल्या जात. पाहुण्यांची खोली आठवडाभर बंद, बाहेर समुद्राचं धुकं, शेकोटी फक्त शनिवारची. गादी ओल धरणारच. ती ओल काढणं, हे चॅपलघर सांभाळणाऱ्या बाईचं काम. त्याच्या बदल्यात तिला राहायला ते घर. ओल राहिली तर घर गेलं, इतका तो व्यवहार सरळ होता.

आमच्या चॅपलघरात लीसा पॅरी होती. नवरा खलाशी, तो बोटीबरोबर बुडालेला. पदरात दहा वर्षांची कात्रिन. लीसा अंगानं हलकी होती. हे मी इतक्या खात्रीनं सांगतो, कारण ती माझ्यावर झोपायची. प्रवचनकार यायच्या आधीच्या बुध, गुरू, शुक्र या तिन्ही रात्री ती स्वतः माझ्यावर झोपून गादी अंगाच्या उबेनं वाळवायची. शनिवारी सकाळी भाजलेल्या विटा फ्लॅनेलमध्ये गुंडाळून पायथ्याशी ठेवायची, आणि सगळ्यात शेवटी चादरींच्या मध्ये हातातला छोटा आरसा सरकवायची. पाच मिनिटांनी आरसा काढून बघायची. त्यावर वाफ धरली असेल तर पुन्हा विटा. माझ्या कामाच्या सगळ्या वर्षांत लीसाच्या आरशावर वाफ धरलेली मी पाहिली नाही. हे मी शपथेवर सांगितलं असतं, पण पलंगाला कोणी शपथ देत नाही.

नोव्हेंबरात हेर्मोनच्या वार्षिक मोठ्या सभा होत्या आणि त्यासाठी रेव्हरंड एलाइअस प्रोबर्ट येणार होते. हे अबरवेनोलचेच. पुलाखालच्या एका खोपटात जन्मले, उत्तरेकडे जाऊन मोठे झाले, कवितेच्या दोन जत्रांत मानाची खुर्ची जिंकली. कवी म्हणून त्यांनी नाव घेतलं होतं 'ग्लान वेनोल', म्हणजे वेनोलचा काठ. आख्ख्या देशाला ते नाव भक्तीचं वाटायचं. काठावर हा माणूस लहानपणी काय करायचा, हे कोणी विचारलं नाही.

शनिवारी दुपारी ते आले. बॅग माझ्या पायथ्याशी ठेवली, खिडकीपाशी जाऊन नदीकडे पाहिलं आणि बराच वेळ हलले नाहीत.

लीसा ताक आणि मनुकांचा पाव घेऊन वर आली. "पाणी चढलंय का हो नदीला?" त्यांनी विचारलं.

"चढलंय. पण कर्नलच्या डोहात तेवढं नाही."

"हं," रेव्हरंड म्हणाले. "मी जरा काठानं चिंतन करून येतो."

"छत्री न्या."

"चिंतनाला छत्री लागत नाही, लीसाबाई."

अंधार पडताना ते मागच्या दारानं आले. जिन्यावर त्यांची पावलं थपथप वाजत होती. खोलीत आल्यावर त्यांनी दाराला कडी लावली, कमरेपर्यंत भिजलेली जाड सुती विजार उतरवली, आणि ती कुठं ठेवावी म्हणून खोलीभर पाहिलं. खुर्चीवर ठेवली तर लीसा बघणार. खिडकीत वाळत घातली तर आख्खं गाव बघणार. कर्नलच्या पाण्यात मासा धरणं हा गुन्हा होता. त्यासाठी आमच्या गावातली दोन माणसं तुरुंगात जाऊन आली होती. शेवटी त्यांनी तेच केलं जे शाळेतला मुलगा करतो. पिसांची गादी उचलली, विजार लोकरीच्या गादीवर पसरली आणि वरची गादी परत टाकली. मग काळा सुरवार-कोट चढवून ते जेन्किन कापडवाल्यांकडे जेवायला गेले.

हे जेन्किन हेर्मोनचे थोरले कारभारी. त्या रात्री त्यांच्या ताटात एक उत्तम ट्राउट मासा होता. तो रेव्हरंडांनी स्वतः कागदात गुंडाळून नेला होता.

"कुणी दिला हो?" जेन्किननी विचारलं, असं तिथं वाढायला गेलेली लीसा नंतर म्हणाली.

"परमेश्वराची देणगी," रेव्हरंड म्हणाले. तसं पाहिलं तर ते खोटं नव्हतं. नदी तेवढी कर्नलची होती.

ओली विजार दोन रात्री माझ्या पोटात राहिली. मी काय करणार? रविवारी त्यांनी तीन प्रवचनं दिली. तिसऱ्याला लोक रडले, बाकं हलली, आणि घामानं निथळत ते कडाक्याच्या थंडीत चॅपलघरी आले. सोमवारी सकाळी त्यांना उठता येईना. अंग तव्यासारखं तापलेलं. जेन्किन कापडवाले आणि दुसरे दोन कारभारी धावत आले. रेव्हरंडांना उचलून जेन्किनांच्या घरी न्यायचं ठरलं. उचलताना जेन्किनांचा हात गादीच्या खाली गेला.

ते थांबले. हात बाहेर काढून त्यांनी बोटं एकमेकांवर घासली. कापडाच्या धंद्यातला माणूस, ओल ओळखायला त्याला वेळ लागत नाही.

"लीसा," ते म्हणाले. "हे काय आहे?"

लीसाला काय आहे ते माहीतच नव्हतं. "काय?"

"गादी भिजलेली आहे."

"शक्यच नाही. तीन रात्री मी स्वतः झोपलेय यात. आरसा लावून बघितलाय."

"तुझा आरसा आंधळा आहे," जेन्किन म्हणाले, आणि रेव्हरंडांना घोंगडीत गुंडाळून घेऊन गेले.

त्यांनी आणखी वीतभर हात आत घातला असता तर ही गोष्ट तिथंच संपली असती. पण मित्रांनो, माणसाला हवं ते उत्तर हाताला लागलं की तो हात बाहेर काढून घेतो.

ते गेल्यावर लीसानं वरची गादी उलटली. विजार हातात घेऊन ती माझ्या कडेवर बसली. पट्ट्याच्या आत पांढऱ्या फितीवर 'ए. प्रो.' अशी अक्षरं शिवलेली. खिशात घोड्याच्या केसांची दोरी, तिच्या टोकाला एक गळ, आणि शिवणीत चिकटलेले चंदेरी खवले. तिनं खवला नखावर घेऊन पाहिला आणि पहिल्यांदा ती हसली. खरंच हसली. एवढा मोठा माणूस, दोन खुर्च्यांचा मानकरी, आणि आईला घाबरणाऱ्या पोरासारखी विजार लपवतो.

मग ती हसायची थांबली, कारण पुढचं तिच्या लक्षात आलं.

हेर्मोन ज्या जमिनीवर उभं होतं ती जमीन कर्नलची. चाळीस वर्षांचा करार येत्या नाताळात संपत होता. कर्नल सरकारी चर्चवाला, चॅपलवाल्यांवर त्याचं प्रेम नव्हतंच. शेजारच्या गावात अशाच एका जमीनदारानं करार वाढवला नाही आणि लोकांनी दोन वर्षं वळचणीखाली उभं राहून प्रार्थना केल्या. हेर्मोनच्या मोठ्या सभांचा प्रवचनकार कर्नलच्या डोहात चोरून मासे धरतो, हे कर्नलच्या कानावर गेलं असतं तर त्याला याहून चांगलं निमित्त मिळालं नसतं.

ती बुधवारी जेन्किनांकडे रेव्हरंडांना बघायला गेली. मी तिथं नव्हतो. पण एकटी बाई काम करताना पलंगाशी बोलते, आणि लीसा माझ्याशी सगळं बोलली.

रेव्हरंडांनी डोळे उघडून तिला ओळखलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"सापडली?" त्यांनी विचारलं.

"सापडली."

"ते म्हणतात बिछाना दमट होता."

"ऐकलंय मी."

"मी बरा झालो की स्वतः सांगेन, लीसाबाई. नाताळ झाला की. करार होऊ दे." त्यांनी श्वास घेतला. "मासा मात्र सुंदर होता हो. बत्तीस वर्षांनी धरला."

ते बरे झाले नाहीत. पुढच्या मंगळवारी गेले. अंत्ययात्रेला चार गावांतून माणसं आली, नव्वद रेव्हरंड आले. कर्नल व्हॉन स्वतः टोपी काढून पुलावर उभे राहिले.

त्यानंतर कारभाऱ्यांची बैठक चॅपलघरातच, माझ्या खालच्या खोलीत भरली. लाकडी तक्तपोशीतून शब्दन् शब्द वर यायचा.

"तू बिछाना वाळवला होतास?" जेन्किन.

"होय."

"मग ओल कुठून आली?"

शांतता.

"लीसा, आम्ही तुला बोलायची संधी देतोय."

"मला काही बोलायचं नाही," लीसा म्हणाली.

"पोरीचा तरी विचार कर. कात्रिनला शिक्षिका करायचं म्हणतेस. उद्या कोण शिफारस करणार तिची?"

मला वाटलं आता ती बोलणार. तिनं बोलावं असं मला मनापासून वाटत होतं. पण ती बोलली नाही. नाताळच्या आदल्या आठवड्यात तिला घर सोडायला सांगितलं. नाताळला कर्नलनं करारावर सही केली, नव्याण्णव वर्षांसाठी. सही करताना ते ग्लान वेनोलांबद्दल चार बरे शब्द बोलले म्हणे.

निघायच्या दिवशी लीसा सुई घेऊन वर आली. लोकरीच्या गादीची शिवण उसवली, विजार गळ-दोरीसकट आत खोल सारली आणि लाल लोकरीच्या धाग्यानं शिवण परत घातली. पांढऱ्या गादीवर लाल धागा. तिला वाचता यायचं. चॅपलच्या शाळेत बायबल वाचायला शिकवायचे. लिहायला मात्र शिकवत नसत. लिहिता आलं असतं तर तिनं काहीतरी लिहून ठेवलं असतं. तिनं लाल धागा घातला.

"तू सांभाळ," ती मला म्हणाली. मग आरसा घेऊन गेली.

दोन वर्षांनी ग्लान वेनोलांचं चरित्र लिहायला रेव्हरंड जोस्वा हॅरी आले. चारशे बारा पानांचं ते चरित्र. आमच्याकडे थोर माणूस गेला की त्याचं चरित्र येतं, आणि ते त्याच्या थडग्यापेक्षा जड असतं. हॅरी चॅपलघरात तीन रात्री राहिले. माझ्यावरच झोपले, त्या विजारीच्या बरोबर वर. गाढ झोपले, घोरले, एकदाही शिंकले नाहीत. सकाळी उठून, माझ्याच कडेवर बसून त्यांनी लिहिलं: 'चॅपलघरातील एका निष्काळजी स्त्रीच्या दमट बिछान्याने या दिव्याचा घात केला.' शाई वाळेपर्यंत कागद माझ्या उशीवर ठेवला होता.

एक ओळ. पण ती छापलेली. तेवढ्यावर लीसाचं नाव गावात 'लीसा दमट' झालं. कात्रिन शिक्षिका झाली नाही. मायलेकींनी पुलापाशी धुण्याचा धंदा काढला. त्यांच्या चादरी अख्ख्या परगण्यात सगळ्यात कोरड्या असत, हे लोक मान्य करायचे आणि मग म्हणायचे, "कात्रिन दमटकडे टाक रे." कात्रिनच्या मुलीलाही तेच नाव लागलं, तिच्या मुलीलाही.

मी मात्र चॅपलघरातच राहिलो आणि नामवंत माझ्यावर येत राहिले. आता ते भीतभीतच येत. एक तत्त्वचिंतक रात्रभर खुर्चीत बसून राहिले. एका कादंबरीकारानं माझ्यावर मेणकापड अंथरलं आणि सकाळी तक्रार केली की घाम येतो. गावात पहिली मुलींची शाळा काढणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी हात आतपर्यंत घालून तपासलं, 'कोरडं आहे' असं मोठ्यानं म्हणाल्या आणि झोपल्या. त्यांचं ऐकायला खोलीत कोणी नव्हतं. मी त्यांना विसरलो नाही.

पुढे मोटारी आल्या. प्रवचनकार रविवारी सकाळी येऊन संध्याकाळी परत जाऊ लागले. मला उभा करून माळ्यावर ठेवलं. कोळी आले, उंदीर आले, वरच्या पिसांचं त्यांनी जे करायचं ते केलं. लोकरीच्या गादीत मात्र लीसानं शिवण घालताना कडुदवण्याची, कीड-उंदीर पळवणारी पानं सारली होती. तिला कोणी तोंड लावलं नाही. हेर्मोनचे सभासद घटत घटत अकरा झाले, मग सात. नव्याण्णव वर्षं संपून त्यावरही बरीच वर्षं झाली, आणि ज्या छपरासाठी एका बाईनं आपलं छप्पर सोडलं होतं, तिथं प्रार्थना थांबल्या. मला काय वाटलं? मला दमायला झालं.

मग गावाच्या इतिहास मंडळानं चॅपलचं संग्रहालय करायचं ठरवलं: 'अबरवेनोलचे नामवंत'. कवी, रेव्हरंड, शिक्षक, जमीनदार, एकतीस जणांच्या तसबिरी. मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर इदवाल, गुरांचे निवृत्त डॉक्टर. चिटणीस हेलेदबाई, शाळेच्या माजी मुख्याध्यापिका. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. मला खाली आणून मधोमध मांडलं आणि शेजारी ठेवायला काळ्या पाटीच्या दगडावर अक्षरं कोरून घेतली: 'याच दमट बिछान्यात ग्लान वेनोल यांना प्राणघातक आजार जडला.' छापील ओळ पुसट तरी होते. दगडावरची होत नाही.

गादी जरा कळकट दिसत होती. डॉक्टर इदवालनी नेस्टला बोलावलं. नेस्ट ही लीसाची खापरपणती. पुलापाशी तिची लाँड्री आहे. गाव तिला नेस्ट दमट म्हणतं, आणि त्या नावानं हाक मारली तर ती वळून बघत नाही.

"तुझ्याकडे वाळवायचं मोठं यंत्र आहे ना, नेस्ट?" डॉक्टर म्हणाले. "उद्घाटनाआधी ही गादी जरा..."

"का? दमट आहे?"

"नाही, तसं नाही. म्हणजे... ऐतिहासिकदृष्ट्या आहे."

हेलेदबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "इदवाल, तुम्ही गुरांशीच बोलत जा."

नेस्टनं तो दगड वाचला. डॉक्टर निघून गेल्यावर ती बाईंना म्हणाली, "बाई, तुम्ही पण हे होऊ दिलंत?"

"चरित्रात छापलंय गं. माझ्याकडे दुसरा पुरावा काय?"

"माझ्या आईला नर्सिंगच्या शाळेत मुली विचारायच्या, तुमच्या घरी माणसं मरतात ना म्हणून. आज्जीनं लग्नात पांढरी चादर नको म्हटलं होतं. आणि आता दगड." तिनं माझ्या गादीला हात घातला. "आणा. माझ्या खापरपणजीची गादी आहे, धुतलीच पाहिजे."

गादी दारातून जाईना, एवढी ती फुगलेली. म्हणून लोकर तिथंच काढायचं ठरलं. नेस्टनं शिवण शोधत बोट फिरवलं आणि थांबली.

"बाई, हे बघा. सगळी शिवण पांढऱ्या सुताची. हा एवढा हातभर टाकाच लाल."

"दुरुस्ती असेल."

"फाटलेलं नाही इथं. उसवून परत शिवलंय." नेस्टचं आख्खं घराणं कपड्यांत वाढलेलं. "हे कधीतरी सापडावं, असं कुणाला तरी वाटत होतं."

कात्री चालली. शतकाहून अधिक काळ माझ्या पोटात जे टोचत होतं ते बाहेर आलं. नेस्टनं विजार माझ्यावर पसरली, फितीवरची अक्षरं वाचली आणि खिसा उलटा केला. गळ. दोरी. खवले अजून चमकत होते.

हेलेदबाई उठून दाराबाहेर गेल्या, भिंतीवर कोरलेलं कराराचं साल वाचून परत आल्या. "ते गेले नोव्हेंबरात," त्या म्हणाल्या. "करार झाला त्याच नाताळात. कर्नलची जमीन, कर्नलचा डोह. अगं नेस्ट, तिला सगळं माहीत होतं."

डॉक्टर इदवाल धावत आले. "विजार!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "प्रत्यक्ष ग्लान वेनोलांची! काचेची पेटी करून घेऊ."

"खिसा बघा, डॉक्टर," नेस्ट म्हणाली.

त्यांनी बघितलं. "हे... चिंतनासाठी..."

"गळ टाकून चिंतन करतात का, इदवाल?" हेलेदबाई.

"बिछान्याच्या ओलीमुळे विजार भिजली असणंही शक्य आहे."

"आणि मासा? तो पण बिछान्यातूनच पोहत आला?"

डॉक्टर माझ्यावर बसले. मी कुरकुरलो, पण कोणी लक्ष दिलं नाही. "माहितीपत्रक छापून झालंय," ते म्हणाले. "दगड कोरून झालाय. उद्घाटनाला कर्नलचे पणतू येणार आहेत. त्यांच्यासमोर सांगायचं की आमच्या पहिल्या नंबरच्या नामवंतानं तुमच्या पणजोबांचा मासा चोरला? जरा गप्प बसलं तर काय बिघडतं?"

"तेच केलं होतं तिनं," नेस्ट म्हणाली. "बिघडलं ते आमचं." तिचा आवाज चढला नाही. "हे बघा डॉक्टर. तुमच्या रेव्हरंडांना ठेवा पहिल्या नंबरवर, मला काही नको. मासा धरणारा माणूस मला तर जास्त आवडला. पण तो दगड इथं राहिला तर मी ही विजार पुलावर दोरीला वाळत घालेन. चिमटे माझ्याकडे भरपूर आहेत."

दुसरा दगड आणायला वेळ नव्हता. शेवटी हेलेदबाईंनीच तोडगा काढला: दगडाला दोन बाजू असतात. तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नवी अक्षरं कोरली. काय कोरायचं ते नेस्टनं सांगितलं. डॉक्टरांनी चार विशेषणं सुचवली, तिनं एकही घेतलं नाही.

'लीसा पॅरी. हिने हा बिछाना कोरडा ठेवला.'

उद्घाटनाला कर्नलचे पणतू आले, दगड वाचला, विजार बघितली, गोष्ट ऐकली. "आमच्या डोहातला?" ते म्हणाले. "आमच्या घराण्यात तिथं कधी कुणाला मासा लागला नाही." आणि चहा प्यायला गेले. एवढंच. ज्या गोष्टीला सगळे शतकभर घाबरले ती इतक्यात संपली. नामवंत मात्र अजून एकतीसच आहेत. माहितीपत्रक छापून झालं होतं. गाव अजून नेस्ट दमटच म्हणतं. नावं बदलायची आमच्याकडे पद्धत नाही. पण आता हाक मारली की ती वळून बघते.

त्या दिवशी सगळे गेल्यावर नेस्ट मागे राहिली. तिनं गादीत नवी लोकर भरली होती आणि शिवण लाल धाग्यानंच घातली होती. तिनं इकडेतिकडे पाहिलं, बूट काढले, आणि माझ्याभोवती बांधलेली संग्रहालयाची दोरी ओलांडून माझ्यावर आडवी झाली. अर्धा तास झोपली असेल. मी माणसं वजनावरून ओळखतो, मित्रांनो. क्षणभर मला वाटलं बुधवार आहे, आणि शनिवारी कोणीतरी येणार आहे.

मी आता फार थकलो आहे, तेव्हा माझं एवढंच ऐका. गाद्या उन्हात घालत जा, पंधरा दिवसांनी उलटत जा. आणि कधी कुणाच्या बिछान्याला ओल लागलीच, तर बोटं घासत लगेच उभे राहू नका. हात आणखी वीतभर आत घाला.